स्पाइक गार्ड होता, तरी टीव्ही गेला कसा?

मे महिन्याचा शेवट, वळवाचा पहिला पाऊस. आमची ठाण्यात वर्तकनगरला चार मजल्यांची जुनी बिल्डिंग आहे, येऊरच्या बाजूने ढग उतरले की आम्हाला आधी कळतं. त्या रात्री एक वीज अशी कडाडली की खाली उभ्या दोन गाड्यांचे अलार्म वाजायला लागले. लाईट गेली नाही, हे नीट लक्षात ठेवा. पंखा चालू, दिवे चालू, टीव्हीपण चालू, फक्त स्क्रीनवर 'नो सिग्नल'. सेट टॉप बॉक्स मेला होता. राउटरचे दिवे लागत होते पण नेट नाही. दुसऱ्या दिवशी नवीन बॉक्स आणून लावला तरी टीव्ही ढिम्म, शेवटी वायर एचडीएमआय १ मधून काढून २ मध्ये टाकली तर चित्र आलं. म्हणजे टीव्ही जिवंत, पण त्याचं एक भोक मेलं.

बायको म्हणाली, "मग तो साडेआठशेचा स्पाइक गार्ड काय शोभेला आणला होता का?"

प्रश्न बरोबर होता आणि उत्तर मला तेव्हा आलं नाही. नंतर आमच्या वायरमन काकांना धरून बसवलं, थोडं वाचलं, नेरुळच्या मेहुण्याकडे एक वेगळाच प्रकार बघितला, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, आणि कळलं की आपण सगळेच एका आजारावर दुसऱ्याच आजाराची गोळी घेत असतो.

पहिला घोळ तर भाषेतच आहे. आकाशातली ती वीज आणि बिलावरची तीपण वीज. त्यामुळे पावसात काहीही उडालं की "वीज पडली" म्हणून मोकळं व्हायचं. पण घरातल्या वस्तू उडवणाऱ्या गोष्टी दोन वेगळ्या आहेत, एक म्हणजे सर्ज किंवा स्पाइक, म्हणजे हजारो व्होल्टचा झटका पण मायक्रोसेकंदांपुरता (सेकंदाचे दहा लाख तुकडे केले तर त्यातला एक म्हणजे मायक्रोसेकंद). दुसरी म्हणजे व्होल्टेज चढून तिथेच बसणं, २३० च्या जागी ३००, ३५०, आणि ते काही सेकंद नाहीतर तासभर. पहिली सुई टोचल्यासारखी, दुसरी तव्यावर हात ठेवल्यासारखी. दोन्हीवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत आणि दुकानदार दोन्हीला एकच डबा विकतो.

आधी सर्ज घेऊ. आकाशातल्या विजेत साधारण ३०,००० अँपिअरचा करंट असतो, मोठ्या विजेत लाखाच्या वरही जातो, आणि आपल्या घरात गिझर लागतो तेव्हा जेमतेम ९-१० अँपिअर जातात. एवढा करंट काही मायक्रोसेकंदात शून्यावरून वर चढतो, त्यामुळे आजूबाजूला जे चुंबकीय क्षेत्र तयार होतं ते तितक्याच झपाट्याने बदलतं, आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्रात कुठलीही लांब वायर आली की तिच्यात व्होल्टेज तयार होणारच, कॉलेजात शिकलो ते हेच. म्हणजे वीज तुमच्या बिल्डिंगवर पडायची गरजच नाही. शेजारच्या टॉवरवर पडली, टेकडीवर पडली, तरी तुमच्या वायरी तिचं 'ऐकतात'.

आता आमच्या गच्चीवर जाऊन बघा. या बिल्डिंगवरून त्या बिल्डिंगवर केबलवाल्यांच्या वायरींचे झुबके टाकलेत, काही चालू, बऱ्याचशा मेलेल्या ज्या काढायला कोणी येत नाही, त्यात इंटरनेटची लॅन वायर, डिशची काळी वायर, सगळं पावसात लोंबकळतंय. ही सगळी अँटेना झाली. माझ्या टीव्हीला लाईट येत होती भिंतीतल्या बोर्डातून स्पाइक गार्डमार्गे, तिथे पहारेकरी होता. पण डिशची वायर गच्चीवरून खिडकीतून थेट बॉक्समध्ये, बॉक्समधून एचडीएमआयने टीव्हीत, तिथे कोणीच नव्हतं. पुढच्या दाराला वॉचमन ठेवला आणि चोर गॅलरीतून आला. उलट दोन वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या वायरी एकाच टीव्हीत भेटतात तेव्हा त्यांचं मिळून एक मोठं वेटोळं होतं आणि त्या वेटोळ्यात तयार झालेलं सगळं व्होल्टेज येऊन उभं राहतं टीव्हीच्या पोटात, सगळ्यात नाजूक चिपवर. म्हणून एचडीएमआय १ गेलं आणि बाकीचा टीव्ही वाचला.

नव्या मुंबईतले लोक म्हणतात आमच्याकडे सिडकोने केबल जमिनीखालून टाकल्यात, आम्हाला काय होतंय. लाईटची केबल खालून असेल हो, पण तुमच्या डिशचं आणि सीसीटीव्हीचं काय? सोसायट्यांमध्ये विजेने पहिला बळी जातो तो गेटवरचा कॅमेरा, इंटरकॉम आणि लिफ्टच्या कंट्रोल पॅनलचं कार्ड, कारण लांब वायर आणि नाजूक चिप ही जोडी तिथेच असते.

एक अजून, वीज जुलै-ऑगस्टच्या संततधार पावसात त्या मानाने कमी असते. आपल्याकडे तिचा जोर मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला आणि मग परतीच्या पावसात, ऑक्टोबरच्या त्या घामट संध्याकाळी. म्हणजे जेव्हा छत्री घरी असते तेव्हा.

आता मेहुण्याची गोष्ट. नेरुळला जुन्या सिडको बिल्डिंगमध्ये राहतो. पावसाळी संध्याकाळ, अचानक घरातले दिवे डोळे दिपतील इतके पेटले, पंखा एकवर असून पाचवर असल्यासारखा फिरायला लागला, आणि समोरच्या काकूंकडे मात्र उलट, दिवे मिणमिणते, फ्रिज नुसताच गुरगुरतोय. दोन मिनिटांत मेहुण्याच्या टीव्हीतून वास आला, फ्रिजचा स्टॅबिलायझर बंद पडला, आणि ज्या स्पाइक गार्डवर कॉम्प्युटर होता त्याच्यातून धूर. अख्ख्या मजल्यावर एकच चर्चा, "वीज पडली, वीज पडली". बाहेर साधा गडगडाटसुद्धा नव्हता.

वायरमनने खाली मीटर रूममध्ये नेऊन दाखवलं. न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणारी, जाड वायर जिथे बोल्टने कसलेली असते तिथला लग (वायरच्या टोकाचा धातूचा कान) हिरवट-काळा झालेला, हात लावला तर वायर हलत होती. खाडीची खारी हवा, वर्षानुवर्षं कोणी पाना लावला नाही, जोड सैल झाला, तापला, जळला, सुटला. बस.

हे कसं होतं बघा. बिल्डिंगला तीन फेज येतात आणि एक न्यूट्रल. प्रत्येक फ्लॅटला एक फेज आणि न्यूट्रल मिळून २३० व्होल्ट. पण दोन फेजच्या मधे असतात ४०० व्होल्ट. न्यूट्रल तुटली की तुमचा फ्लॅट आणि दुसऱ्या फेजवरचा समोरचा फ्लॅट हे दोघं मिळून त्या ४०० व्होल्टवर एकामागे एक जोडले जातात, आणि व्होल्टेज वाटून घेतात, पण अर्धं-अर्धं नाही. ज्याच्याकडे लोड जास्त त्याला कमी आणि ज्याच्याकडे लोड कमी त्याला जास्त. समजा काकूंकडे २,००० वॉटचा गिझर चालू आहे आणि तुमच्याकडे फक्त १०० वॉटचा एक बल्ब. गणित केलं तर काकूंच्या वाट्याला येतात १९ व्होल्ट आणि तुमच्या बल्बला ३८०. काटकसरी माणसाचा टीव्ही आधी जातो, असा हा न्याय.

म्हणून ओळखायची खूण सोपी आहे. एका घरात दिवे भकभकीत आणि दुसऱ्या घरात मंद, असं दिसलं की ती आकाशातली वीज नाही, न्यूट्रल गेलीय. विचार करत बसू नका, धावत जाऊन मेन स्विच पाडा, आणि मजल्यावर ओरडून सगळ्यांना पाडायला सांगा. माझं स्पष्ट मत आहे की "वीज पडून गेलेल्या" बऱ्याच वस्तू खरंतर अशाच गेलेल्या असतात, फक्त पाऊस चालू असल्यामुळे नाव विजेवर जातं.

मग स्पाइक गार्डातून धूर का आला? तर त्याच्या आत काय असतं ते बघू. एका बटणाएवढी गोल चपटी चकती असते, एमओव्ही म्हणतात, झिंक ऑक्साइडची. तिचं काम म्हणजे गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप. टाकी नेहमीच्या पातळीत आहे तोवर त्या पाइपातून थेंबही येत नाही. पाणी वर चढलं की पाइप उघडा, जास्तीचं पाणी बाहेर. एमओव्ही तसंच, २३० ला गप्प बसतं, झटका आला की क्षणात वाट मोकळी करून तो करंट न्यूट्रलमध्ये नाहीतर अर्थमध्ये, म्हणजे जमिनीत जाणाऱ्या वायरमध्ये, ढकलतं, झटका संपला की परत गप्प. पण इथपर्यंतच उपमा चालते, कारण पाइप रात्रभर वाहिला तरी त्याचं काही बिघडत नाही, एमओव्ही मात्र मायक्रोसेकंदांसाठी बनलेलं असतं. न्यूट्रल जाऊन ३८० व्होल्ट ठाण मांडून बसले की ते सतत वाहतं, तापतं आणि जळतं. मेहुण्याच्या स्पाइक गार्डने काही चूक केली नाही, त्याला भलत्याच लढाईला पाठवलं होतं.

आणि एमओव्ही झिजतं. प्रत्येक झटका त्याचा थोडा जीव घेतो. पाच-सात वर्षं जुना स्पाइक गार्ड असेल तर तो आता नुसता एक्स्टेंशन बोर्ड असू शकतो. बाजारात तर नवीनच असे मिळतात ज्यात स्विच, फ्यूज आणि लाल दिवा एवढंच असतं, नाव मात्र स्पाइक गार्ड. घेताना खोक्यावर किती जूल (म्हणजे किती झटका पचवेल त्याचा आकडा) लिहिलंय ते बघा, काहीच लिहिलं नसेल तर परत ठेवा.

बाकीच्या मंडळींचं पण पटकन सांगतो. एमसीबी पडते ती जास्त करंट ओढला किंवा शॉर्ट झालं तर, आणि तिला पडायला काही मिलिसेकंद (एक मिलिसेकंद म्हणजे हजार मायक्रोसेकंद) लागतात, सर्ज तोवर येऊन काम करून गेलेला असतो. टेस्टिंगमध्ये जो नमुन्याचा सर्ज वापरतात तो ८ मायक्रोसेकंदात शिखरावर जातो आणि २० व्या मायक्रोसेकंदाला निम्म्यावर येतो. ईएलसीबी किंवा आरसीसीबी ३० मिलिअँपिअर गळती दिसली की पडते, ती तुमचा जीव वाचवते, टीव्ही नाही, तरी ती हवीच. स्टॅबिलायझर हळू चढ-उतार सांभाळतो, त्याची रिले खट्ट करून हलेपर्यंत सर्ज पार झालेला असतो. इन्व्हर्टर तर लाईट असताना बहुतेक वेळा बाहेरची लाईट तशीच पुढे सोडतो.

मग करायचं काय. घराच्या डीबीत, म्हणजे जिथे एमसीबी असतात त्या पेटीत, मेन स्विचनंतर टाइप २ चं एसपीडी बसवून घ्या. सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस. एमसीबीसारखंच दिसतं, त्याला एक छोटी खिडकी असते, हिरवी म्हणजे ठीक, लाल म्हणजे कामी आलं, बदला. इन्व्हर्टर एसीचा एक पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्ड, बदलायच्या खर्चात हे आरामात बसतं. वायरमनला एकच गोष्ट निक्षून सांगायची, एसपीडीच्या वायरी आखूड ठेव, सगळ्या मिळून अर्ध्या मीटरच्या आत. आमच्या काकांनी आधी "नीट दिसायला हवं" म्हणून वायर पेटीभर गोल फिरवून सुबक बांधली होती, मी परत कापायला लावली तर रुसले. पण सर्जच्या वेगाला सरळ वायरसुद्धा अडथळा असते, दर मीटर वायरवर हजार व्होल्टच्या आसपास जास्तीचं व्होल्टेज उभं राहू शकतं, म्हणजे एसपीडी आपलं काम करतंय आणि वायर ते वाया घालवतेय.

न्यूट्रलसाठी वेगळं उपकरण, ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. तेही त्याच पेटीत बसतं, व्होल्टेज २७० च्या वर किंवा १७० च्या खाली गेलं की घराची लाईट तोडतं, परत ठीक झालं की थोडं थांबून जोडतं. मेहुण्याने आता बसवलंय. मला विचाराल तर जुन्या बिल्डिंगमध्ये, खाडीजवळ, वाशी-नेरुळ-कळवा पट्ट्यात दोघांपैकी एकच घ्यायचे पैसे असतील तर आधी हे घ्या.

आणि आता अर्थिंग, जिच्याशिवाय वरचं अर्धं खोटं आहे. ओव्हरफ्लोचा पाइप बसवला पण त्याचं दुसरं टोक बुजलेलं असेल तर पाणी जाणार कुठे? आमच्या सोसायटीने काही वर्षांपूर्वी कंपाउंडमध्ये झकास पेव्हर ब्लॉक टाकले, तेव्हा अर्थिंगचे दोन्ही खड्डे खालीच गेले, कोणाला पत्ता नाही कुठे आहेत. गच्चीवर वीजवाहकाची जी पट्टी खाली उतरते ती वॉटरप्रूफिंगवाल्याने मधे कापून, नंतर डिशच्या स्टँडला तारेने बांधून ठेवलेली. म्हणजे वीज पडलीच असती तर तिला सरळ डिशमधून घरात यायचं आमंत्रण. तसं हे गच्चीवरचं टोक नीट असलं तरी ते बिल्डिंग आणि माणसं वाचवायला असतं, तुमचा राउटर वाचवणं हे त्याचं काम नाही, हेही बिल्डरच्या माहितीपत्रकात कोणी लिहीत नाही.

घरातली अर्थ तपासायला वायरमन मल्टिमीटर लावतो, फेज ते अर्थ २३० च्या जवळ आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्ट असेल तर बरं म्हणायचं. पण मीटर अगदी नखभर करंट घेतो, त्यामुळे गंजलेली अर्थसुद्धा त्याला चांगली दिसते. खरी तपासणी खड्ड्याची, अर्थ टेस्टर लावून, लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडून, आणि विजेच्या अर्थिंगचं रीडिंग १० ओहमच्या आत हवं. काही वायरमन अर्थ नसली की सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून एक तुकडा अर्थच्या पिनला जोडून देतात, "चालतंय साहेब". अजिबात चालत नाही. न्यूट्रल मागे कुठे तुटली तर तुमच्या फ्रिजच्या पत्र्यात, वॉशिंग मशीनच्या पत्र्यात २३० व्होल्ट उतरतील.

एवढं सगळं करूनही वीज थेट बिल्डिंगवर किंवा अगदी शेजारी पडली तर खात्रीचा उपाय एकच, जो आमची आई करायची. आभाळ काळं झालं की ती टीव्हीची पिन काढायची आणि आम्ही हसायचो. बटण बंद करणं आणि पिन काढणं यात फरक आहे बरं का. बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलीच राहते. शिवाय बटणाच्या आत दोन टोकांमध्ये काही मिलिमीटरचीच फट, आणि कोरडी हवा साधारण दर मिलिमीटरला ३,००० व्होल्टवर फुटते, ढगातून जमिनीवर आलेल्या ठिणगीला ही फट काय अडवणार. पिन काढून हातभर लांब ठेवा, आणि डिशची वायर, लॅनची वायरपण काढा, नाहीतर माझ्यासारखं होईल. फायबरचं कनेक्शन असेल तर काचेतून करंट येत नाही, पण त्या केबलला आधार द्यायला बरेचदा स्टीलची तार असते, ती बाहेरच तोडून ठेवायला सांगा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर बसा.

फक्त हे सगळं वीज डोक्यावर यायच्या आधी. गडगडाट चालू असताना पिना उपटत फिरायचं नाही, वायरी आणि नळ दोन्हीपासून लांब राहायचं, आंघोळ नंतर. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर. आकडा लहान होत चालला की आवरायची वेळ गेली समजा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं दामिनी अ‍ॅप आहे, आसपास वीज दिसली की सांगतं, मी तेच लावून ठेवलंय. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या, मग जोडा. आणि लाईट गेली असेल तर ती आल्या आल्या फ्रिज-एसी लावू नका, पाच मिनिटं थांबा, सगळ्या गल्लीचा लोड एकदम चढ-उतार करत असतो.

विम्याचं म्हणाल तर घराच्या पॉलिसीत 'वीज पडणे' लिहिलेलं असतं म्हणून निर्धास्त राहू नका. त्याच पॉलिसीत मागे एक अपवादाचं कलम बरेचदा असतं, की इलेक्ट्रिक वस्तू शॉर्ट सर्किट किंवा जास्त दाबाने स्वतः बिघडली तर त्या वस्तूची भरपाई नाही, कारण वीज असली तरी. ते शोधून वाचा आणि बिघाडाचं वेगळं कव्हर मिळतंय का विचारा.

आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी पेव्हर ब्लॉक उचलून खड्डे शोधायचा विषय काढला. पाऊण तास चर्चा झाली, त्यातली चाळीस मिनिटं गेटच्या रंगावर. शेवटी मीटर रूममध्ये एक मोठं एसपीडी तेवढं बसलं, न्यूट्रलचे लग कसून घेतले, खड्डे "दिवाळीनंतर". परवा ऑक्टोबरचा तो पाऊस झाला, सकाळी दूध आणायला जाताना मीटर रूममध्ये डोकावलो तर त्याची खिडकी लाल. माझ्या घरातली हिरवी. फोटो काढून सेक्रेटरींना पाठवलाय, दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर अजून नाही.